वाळूतले सोने यंत्राला कसे कळते?

सोने खरे की खोटे हे पाहण्याची घरोघरी चालणारी सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे दागिन्याजवळ लोहचुंबक धरणे. दागिना चुंबकाकडे ओढला गेला तर आत लोखंड आहे असे समजावे, आणि तो जागचा हलला नाही तर निदान तेवढी शंका फिटली असे मानावे, अशी ही रीत आहे. सोन्याचांदीला चुंबक लागत नाही ही गोष्ट इतकी सर्वपरिचित असताना, किनाऱ्यावरच्या वाळूत चार बोटे खाली गेलेली अंगठी मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, चुंबकीय क्षेत्राच्याच साह्याने शोधून काढते हे कळल्यावर कोडे पडणे साहजिक आहे. या कोड्याला जोडूनच दुसरे एक कोडे आहे आणि दागिना हरवलेल्या माणसाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. एक तोळ्याची अंगठी ज्या यंत्राला सहज सापडते, त्याच यंत्राच्या तावडीतून एक तोळ्याची नाजूक साखळी त्याहून कमी खोलीवर असूनही निसटू शकते. वजन तेच, सोने तेच, मग फरक कशाने पडतो? या दोन्ही कोड्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. यंत्राला सोने कळत नाही. विजेच्या प्रवाहाला फिरण्यासाठी जमिनीखाली कोठे वाट मिळाली आहे, एवढेच त्याला कळते.

स्थिर चुंबक आणि बदलते क्षेत्र

घंगाळातल्या पाण्यात काठी उभी धरली तर पाणी स्वस्थ राहते, पण तीच काठी मागे-पुढे हलवली की तिच्याभोवती भोवरे उठतात. सोने आणि चुंबकीय क्षेत्र यांचे नाते काहीसे असेच आहे. स्थिर चुंबकापुढे सोने स्वस्थ असते, परंतु चुंबकीय क्षेत्र सतत बदलत ठेवले तर सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन ढकलले जातात आणि धातूच्या आत विजेचे लहान लहान भोवरे फिरू लागतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहक पदार्थात वीजप्रवाह निर्माण होतो, हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लावला आणि या घटनेला विद्युतचुंबकीय प्रवर्तन असे नाव मिळाले. धातूच्या तुकड्यात अशा रीतीने फिरणाऱ्या प्रवाहांना आवर्त प्रवाह म्हणतात. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते. तिच्या काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून झपाट्याने दिशा बदलणारा प्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे भांड्याच्या बुडात आवर्त प्रवाह फिरतात आणि बूड तापते. धातुशोधक यंत्राच्या दांड्याच्या टोकाला जी थाळीसारखी तबकडी असते, तिच्यातही असेच वेटोळे असते. फक्त त्यातली शक्ती शेगडीच्या मानाने फारच थोडी असल्याने अंगठी तापत नाही, तिच्यात क्षीण असे आवर्त प्रवाह मात्र उठतात.

पुढची पायरी अशी की, वेटोळ्यातून वाहणारा कोणताही प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, मग तो प्रवाह यंत्राच्या तारेतला असो की वाळूतल्या अंगठीतला. म्हणजे यंत्राने दिलेल्या हाकेला अंगठीकडून प्रतिसाद जातो, आणि हा प्रतिसाद हाकेला विरोध करणारा असतो, हे हाइनरिख लेंझ यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले. हा प्रतिसाद ऐकण्यासाठी तबकडीत दुसरे एक वेटोळे बसवलेले असते.

सोनाराच्या काट्यासारखा तोल

येथे एक अडचण उभी राहते. हाक देणारे वेटोळे ऐकणाऱ्या वेटोळ्याच्या अगदी शेजारी असते आणि त्याची हाक अंगठीच्या प्रतिसादापेक्षा लक्षावधी पटींनी मोठी असू शकते. ढोल-ताशांच्या पथकात उभे राहून दूरच्या घरातली देवघरातली घंटा ऐकण्याचा प्रयत्न करावा, तसा हा प्रकार होतो. त्यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशा बेताने थोडी सरकवून बसवतात की, पहिल्याचे क्षेत्र दुसऱ्याच्या एका भागातून वरच्या दिशेने आणि दुसऱ्या भागातून खालच्या दिशेने जाते, दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात आणि ऐकणाऱ्या वेटोळ्यात जवळजवळ शून्य उरते. सोनाराच्या काट्याची दोन्ही पारडी समतोल असली की गुंजेएवढे वजनही काटा हलवते. त्याप्रमाणे या समतोलात जमिनीखालच्या अंगठीची क्षीण भर पडली की तोल ढळतो, आणि ते ढळणे यंत्र आवाजाच्या रूपाने ऐकवते.

ही तराजूची उपमा मूळ शास्त्रज्ञांच्याच मनात होती. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये बनवलेल्या अशा उपकरणाचे नावच ‘इंडक्शन बॅलन्स’, म्हणजे प्रवर्तन-तुला, असे होते. त्याचा सर्वांत गाजलेला आणि दुर्दैवी उपयोग दोनच वर्षांनी झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या, आणि शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपली प्रवर्तन-तुला अध्यक्षांच्या बिछान्याशी आणली. २६ जुलै आणि १ ऑगस्ट अशा दोन दिवशी शोध घेण्यात आला, पण यंत्रात निश्चित खूण न उमटता भलत्याच जागी आवाज येत राहिला. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांचा ग्रह गोळी उजव्या बाजूला आहे असा असल्यामुळे शोधही त्याच बाजूपुरता मर्यादित राहिला होता. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचा मृत्यू झाला आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली. यंत्राच्या तत्त्वात खोट नव्हती. भोवतीचे लोखंड दूर केले गेले नाही आणि शोधाची जागा आधीच चुकीची ठरवली गेली, ही त्या अपयशाची दोन कारणे आजही अंगठी शोधणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

पुढे गेर्हार्ड फिशर यांना १९३७ मध्ये हातात धरून वापरण्याजोग्या धातुशोधकाचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधण्यासाठी बनवलेले यंत्र १९४२ साली एल अलामीनच्या रणभूमीवर वापरले गेले. आज हौसेने वापरली जाणारी यंत्रे या घराण्यातलीच आहेत.

यंत्र धातूचे नाव सांगत नाही

यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटतो आणि त्यावरून खाली लोखंड आहे की चांदी याचा अंदाज बांधता येतो, असे सांगितले जाते. हा अंदाज नेमका कशावर आधारलेला असतो, हे एका घरगुती उदाहरणावरून समजून घेता येते. खरबरीत फरशीवरची गोणी ढकलली तर हात थांबताच गोणीही थांबते. पितळी कड्यांच्या झोपाळ्याला झोका दिला तर हात मागे घेतल्यावरही झोपाळा पुढे जातच राहतो, म्हणजे त्याची हालचाल हाताच्या मागून चालते. धातूतल्या प्रवाहाचेही असेच आहे. वाहकता कमी असलेल्या किंवा अगदी पातळ तुकड्यात प्रवाह गोणीसारखा वागतो, तर वाहकता जास्त असलेल्या जाड तुकड्यात तो झोपाळ्यासारखा मागून येतो. हाक आणि प्रतिसाद यांच्या लयीतल्या या अंतराला कलांतर म्हणतात, आणि यंत्र पडद्यावर दाखवते ते मुख्यतः हेच कलांतर. लोखंड चुंबकीय असल्याने क्षेत्राला स्वतःकडे ओढून घेते आणि त्याचा प्रतिसाद वेगळ्या तऱ्हेचा येतो, म्हणून खिळे-चुका बऱ्याच अंशी ओळखून वगळता येतात.

सोन्याच्या बाबतीत मात्र ही ओळख फसवी ठरते. शुद्ध सोने वाहकतेत चांदी व तांबे यांच्या खालोखाल येते, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. २२ कॅरटच्या दागिन्यात सोने सुमारे ९१.६ टक्के असते आणि उरलेला भाग चांदी, तांबे यांसारख्या धातूंचा असतो. चांदी आणि तांबे हे दोन्ही उत्तम वाहक असूनही त्यांची भर पडल्याने मिश्रणाची वाहकता वाढण्याऐवजी बरीच घटते, ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही. पोफळीच्या बागेत झाडे ओळीने लावलेली असतील तर त्यांमधून सरळ धावत जाता येते, पण ओळींच्या मध्ये कोठेही वेगळ्या जातीची झाडे उगवली असतील तर पावलागणिक अडखळावे लागते. मिश्रधातूतल्या इलेक्ट्रॉनांची स्थिती अशीच होते. त्यामुळे सोन्याची मध्यम आकाराची अंगठी यंत्राच्या आकड्यावर ॲल्युमिनिअमच्या टोपणाच्या किंवा डब्याच्या कडीच्या जवळपास येते आणि लहान कुडी चकचकीत वेष्टनाच्या तुकड्याजवळ येते. किनाऱ्यावर असा कचरा विपुल असल्याने त्याचे सर्व आवाज वगळण्याचा मोह होतो, पण जो शोधक कचऱ्याचे आकडे बंद करतो तो सोन्याचेही आकडे बंद करतो. सोने शोधायचे असेल तर दहा टोपणे उकरून काढण्याची तयारी ठेवावीच लागते. यावर कोणत्याही महागड्या यंत्राने खात्रीचा तोडगा काढलेला नाही.

दागिन्याचा घाट

आता दुसऱ्या कोड्याकडे वळता येते. आवर्त प्रवाहाला पूर्ण फेरी मारता आली पाहिजे, आणि फेरी जितकी मोठी व विनाअडथळा तितका प्रतिसाद जोरकस. सलग घडलेली अंगठी किंवा सांधा नसलेली बांगडी ही प्रवाहासाठी तयार केलेली जणू गोल सडकच असते, म्हणून ती आपल्या वजनाच्या मानाने मोठा प्रतिसाद देते. तीच अंगठी एका जागी तुटली, तर सडकेवरचा पूल वाहून गेल्यासारखे होते; प्रवाहाला तारेच्या जाडीपुरत्या लहानशा जागेत गिरक्या घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि आवाज एकदम क्षीण होतो. पायातली जोडवी चांदीची, म्हणजे सर्वोत्तम वाहकाची, असली तरी ती बहुधा टोके न जुळवलेल्या वेढ्यांची असल्यामुळे अपेक्षेएवढा प्रतिसाद देत नाहीत.

साखळीची गोष्ट याहून बिकट आहे. साखळीतल्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्या टेकण्याच्या जागी मळ आणि तेलकटपणा साठलेला असतो, आणि त्यामुळे एका कडीतून दुसऱ्या कडीत प्रवाह नीट जात नाही. परिणामी यंत्राच्या लेखी साखळी ही एक वस्तू नसून शेकडो सूक्ष्म कड्यांचा विखुरलेला समूह असतो, ज्यातली एकेक कडी ऐकू येण्याच्या मर्यादेखाली राहते. पुष्कळदा साखळीचा पत्ता लागतो तो तिच्या फाशाच्या जाड भागामुळे. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे असल्याने यंत्राला ते मुळीच जाणवत नाहीत, प्रतिसाद येतो तो दोन वाट्यांचा. नथीतले मोती तसेच मुके असतात आणि तिची तार बारीक असते, म्हणून नथ शोधताना यंत्रापेक्षा बारीक चाळणीवरच भिस्त ठेवलेली बरी. बारीक वस्तूंतला प्रवाह उठताच विरतो, त्यामुळे त्यांच्यासाठी क्षेत्र अधिक वेगाने बदलणारे, म्हणजे अधिक वारंवारतेचे, यंत्र लागते. सर्वसाधारण यंत्रे सेकंदाला ५ ते २० हजार आवर्तनांवर चालतात, तर बारीक सोन्यासाठी बनवलेली यंत्रे ४० हजारांच्याही पुढे जातात.

चौकट : कोणता दागिना यंत्राला किती ऐकू येतो?
सलग बांगडी, पाटली, बिनसांध्याची अंगठी : प्रतिसाद जोरकस, ओळखणे सोपे.
मंगळसूत्राच्या वाट्या, पदक, जाड लॉकेट : प्रतिसाद मध्यम, कचऱ्यातल्या टोपणांशी गल्लत होण्याचा संभव.
जोडवी, तुटलेली अंगठी, उघड्या तोंडाचे कडे : धातूच्या वजनाच्या मानाने प्रतिसाद कमी.
नाजूक साखळी, पैंजण, नथ, कुडी : प्रतिसाद क्षीण, जमिनीला जवळजवळ टेकवून यंत्र फिरवणे आणि चाळणी वापरणे आवश्यक.

जांभा, मीठ आणि काळी वाळू

अंगठीभोवतीची जमीनही यंत्राशी बोलत असते. कोकण आणि गोव्यातला जांभा लोहयुक्त असतो आणि त्याचा लाल रंगही त्या लोहसंयुगांमुळेच असतो. दख्खनच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे पट्टे आढळतात. अशा जमिनीचा प्रतिसाद अंगठीच्या प्रतिसादाला झाकून टाकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तबकडी स्वच्छ जमिनीवर वर-खाली हलवून यंत्राला त्या मातीची ओळख करून द्यावी लागते, जेणेकरून तेवढा आवाज ते वजा करील. सोनार जसे रिकाम्या वाटीचे वजन आधी वजा करतो, तसेच हे आहे. भातखाचरात लावणी करताना हरवलेला दागिना शोधणाऱ्यांनी ही पायरी मुळीच टाळू नये.

समुद्राचे खारे पाणी स्वतःच वाहक असल्याने ओल्या वाळूवर साधे यंत्र अकारण ओरडू लागते. तेथे वेगळ्या जातीचे, स्पंद पद्धतीचे यंत्र उपयोगी पडते. ते सलग हाक देत नाही, तर सेकंदाला शेकडो वेळा क्षणिक ठोके देते आणि प्रत्येक ठोक्यानंतर गप्प राहून कानोसा घेते. लाकडी फळीवर टोला दिला तर आवाज लगेच विरतो, पण देवळातली घंटा घुमत राहते. त्याप्रमाणे खाऱ्या पाण्यातले प्रवाह काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, मावळतात आणि धातूतले त्यानंतरही टिकून राहतात. यंत्र तेवढा वेळ थांबून मगच ऐकते. मात्र बारीक साखळीतला प्रवाहही पाण्याइतक्याच लवकर मावळत असल्याने ती याही यंत्राला चुकवू शकते, आणि लोखंड व सोने यांतला भेद या पद्धतीत नीट कळत नाही.

किती खोलवर?

वेटोळ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जाते, आणि अंगठीचा प्रतिसाद परत येतानाही तेवढाच क्षीण होतो. म्हणून तबकडीच्या आकाराहून अधिक अंतरावर, अंतर दुप्पट झाले की परतणारा प्रतिसाद साधारण ६४ पटींनी कमी होतो. अंगठीसारख्या वस्तूसाठी वीतभर खोली ही साध्या यंत्राची व्यवहारातली मर्यादा ठरते ती यामुळे, आणि तबकडी जमिनीपासून चार बोटे वर धरून फिरवणारा माणूस आपल्या यंत्राची बरीच ताकद हवेत घालवतो तोही याचमुळे.

शेकडो मीटरांवरचे सोने दाखवण्याचा दावा करणाऱ्या, दोन सळ्यांच्या किंवा एका फिरत्या कांडीच्या उपकरणांची पारख याच नियमाने करता येते: असा दावा निसर्गनियमांत बसत नाही. असेच कांडीचे एक उपकरण स्फोटके शोधणारे म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये फसवणुकीबद्दल १० वर्षांची शिक्षा झाली. त्या उपकरणात काम करणारा कोणताही भाग नव्हता. महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रतिबंध केलेला आहे. तरीही यंत्राचा वेष घेऊन तीच फसवणूक पुन्हा घरात शिरू शकते, म्हणून ६४ पटींचा हा हिशेब शाळेतल्या मुलांनाही शिकवला गेला पाहिजे.

शोधण्याची रीत

सोनारपेठेतला केर आणि राख धुऊन त्यांतून सोन्याचे कण काढणारे झारेकरी यंत्राशिवाय काम करत आले, कारण सोने कोठे साचते याचे त्यांना ज्ञान होते. तेच ज्ञान येथेही निम्मे काम करते. सोने पाण्याच्या १९ पट जड असते आणि वाळूचे सामान्य कण अडीच पटींहून थोडे अधिक. लाटेने वाळू खळबळली की अंगठी कणांमधून खाली जाते आणि शिंपल्यांच्या किंवा दगडांच्या घट्ट थराशी थांबते. कोरड्या वाळूत मात्र कोणी तुडवली नाही तर ती वरच्या थरातच राहते. म्हणून लाटांच्या पट्ट्यातला शोध पुढच्याच ओहोटीला घ्यावा. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, असा जुना हिशेब आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते, त्यामुळे एरवी बुडालेली वाळू तेव्हा मोकळी सापडते.

प्रत्यक्ष शोधात दोऱ्या बांधून पट्टे आखावेत, तबकडी जमिनीला समांतर ठेवून प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढवावी, आणि सर्व पट्टे संपल्यावर तेच क्षेत्र आडव्या दिशेने पुन्हा पाहावे. त्याआधी हरवलेल्या दागिन्यासारखाच दुसरा दागिना दोरा बांधून चार बोटे खोल पुरावा आणि यंत्र कसा आवाज देते ते कान देऊन ऐकावे; ही पाच मिनिटांची तालीम कित्येक तासांची दमछाक वाचवते. गणपती विसर्जनात मूर्तीवरचा दागिना काढायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मूर्तींच्या सांगाड्यातले लोखंड तळाशी पडलेले असते हे लक्षात घेऊन ते आधी लोहचुंबकाने वेचून काढावे. बेल यांना गादीतल्या स्प्रिंगांनी जे शिकवले ते हेच.

शोधताना परकी वस्तू सापडली तर ती सापडणाऱ्याची होत नाही. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, १९५८ च्या कायद्याने संरक्षित असलेल्या प्राचीन स्थळांवर परवानगीवाचून उकरता येत नाही, आणि दुसऱ्याचा हरवलेला दागिना अप्रामाणिकपणे ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवावा आणि निघालेली टोपणे पुन्हा वाळूत न टाकता सोबत न्यावीत.

दागिना पडल्याचे लक्षात येताच मात्र घाईने वाळू उपसू नये. ज्या जागी उभे असाल तेथेच थांबून काठी रोवावी, त्या जागेवरून दिसणाऱ्या दोन पक्क्या खुणा, जसे देवळाचा कळस आणि माडाचे एखादे झाड, एका रेषेत कशा येतात ते लिहून ठेवावे, वेळ आणि पाण्याची रेषा टिपावी, आणि इतरांना त्या जागेवर पाय ठेवू देऊ नये.